सर्व्हर प्रोसेसर की तगडा डेस्कटॉप प्रोसेसर: किनाऱ्यावर मशीन घेण्याआधी तुलना कशी करावी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोठं मशीन घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो: "झिऑन घालू की आय-नाईन?" झिऑन हा इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर, आय-नाईन त्याच कंपनीचा तगडा डेस्कटॉप प्रोसेसर. विचारणारा कधी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा असतो, कधी ड्रोनने जमीन मोजणारा, कधी पतसंस्थेचा सचिव, तर कधी कॉलेजातला प्राध्यापक. चौघांनाही वेगळं उत्तर द्यावं लागतं, कारण चौघांचं मशीन वेगवेगळ्या ठिकाणी अडतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्व्हर प्रोसेसर मागणाऱ्या बहुतेकांना त्याच्या जास्तीच्या कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची) फारशी गरज नसते. त्यांना हवी असते चूक पकडणारी ईसीसी रॅम, किंवा भरपूर रॅम, किंवा दूर असलेलं मशीन घरबसल्या चालू-बंद करण्याची सोय. यातलं बरंचसं डेस्कटॉप सॉकेटवरही (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) मिळतं आणि पैसे निम्म्याहून कमी लागतात. पण काही कामं अशी आहेत की तिथे डेस्कटॉप प्रोसेसर कितीही महाग घेतला तरी पुरत नाही. आपण कुठल्या बाजूला आहोत हे दुकानात जाण्याआधी घरीच ठरवता येतं.

पायरी १: आधी आहे त्या मशीनवर काम मोजा

रोजचं खरं काम चालू करा. नमुन्याची छोटी फाइल घेऊ नका, सर्वांत जास्त वेळ खाणारंच काम घ्या. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा, आलेखावर उजवी क्लिक करून 'चेंज ग्राफ टू'मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' लावा. लिनक्सवर एचटॉप पुरेसं आहे. काम संपेपर्यंत अधूनमधून बघत राहा आणि वहीत लिहा.

सगळे चौकोन सलग भरलेले दिसले तर जास्त कोअरचा उपयोग होईल. एकूण वापर कमी आणि काम मात्र रेंगाळतंय असं दिसलं, तर बहुधा काम एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, अडकलं आहे. इथे फसगत होऊ शकते. विंडोज तो एक थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं, त्यामुळे एकही चौकोन पूर्ण भरलेला दिसत नाही. म्हणून एकूण टक्केवारीच पाहा. ८ कोअर, १६ थ्रेडच्या मशीनवर आकडा ६ टक्क्यांच्या आसपास खिळला, तर तो एका थ्रेडचा सोळावा हिस्सा आहे. अशा कामाला ३२ कोअरचा सर्व्हर लावलात तर ते आणखी सावकाश होईल, कारण सर्व्हरच्या एकेका कोअरचा वेग कमी असतो.

त्याच वेळी रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्डाचे आलेखही पाहा. रॅम ९० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर बदलून काहीही होणार नाही; आधी रॅम वाढवा. ग्राफिक्स कार्ड भरलेलं आणि प्रोसेसर निवांत असेल, तर प्रोसेसरसाठी ठेवलेले पैसे कार्डात घाला.

व्हिडिओवाल्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगायला हवी. कॅमेऱ्यातून येणारं एचईव्हीसी ४:२:२, १०-बिट फुटेज उलगडायला इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं क्विक सिंक (अंगच्या ग्राफिक्समधला व्हिडिओ उलगडणारा भाग) फार कामी येतं. झिऑन स्केलेबल किंवा एएमडीचे मोठे एपिक या सर्व्हर प्रोसेसरांत असं अंगचं ग्राफिक्स नसतंच. टाइमलाइन अडखळते म्हणून झिऑन घेणाऱ्या स्टुडिओला दुप्पट पैसे देऊन जास्त अडखळणारी टाइमलाइन मिळू शकते.

पायरी २: एकाच पिढीतले दोन समोरासमोर ठेवा

तुलना करताना २०१६चा झिऑन आणि आजचा रायझन शेजारी ठेवले तर फरक पिढीचा आहे की जातीचा, हे कळत नाही. म्हणून एकाच घराण्यातली, २०२२मध्ये बाजारात आलेली जोडी घेऊ. दोन्ही एएमडीच्या झेन ४ रचनेच्या आहेत: रायझन डेस्कटॉपसाठी, एपिक सर्व्हरसाठी.

| बाब | रायझन ९ ७९५०एक्स | एपिक ९३५४पी |
|---|---|---|
| कोअर / थ्रेड | १६ / ३२ | ३२ / ६४ |
| बेस / कमाल क्लॉक (गिगाहर्ट्झ) | ४.५ / ५.७ | ३.२५ / ३.८ |
| एल३ कॅशे | ६४ एमबी | २५६ एमबी |
| रॅम चॅनेल | २, डीडीआर५-५२०० | १२, डीडीआर५-४८०० |
| वापरता येणाऱ्या पीसीआयई ५.० लेन | २४ | १२८ |
| टीडीपी | १७० वॅट | २८० वॅट |

या दोघांतले कोअर ज्या छोट्या चिपलेटवर बसतात, ती चिपलेट एकाच घडणीची आहे. डेस्कटॉपमध्ये अशा दोन बसतात, या एपिकमध्ये आठ, आणि त्या आठांतले प्रत्येकी चारच कोअर चालू ठेवलेले असतात. म्हणजे एका कोअरची अक्कल दोन्हीकडे सारखीच. मोठा फरक आहे तो मधल्या आय-ओ डायमध्ये, म्हणजे बाहेरच्या भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये. रॅमचे चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) आणि पीसीआयई लेन (कार्डं, एसएसडीकडे जाणाऱ्या वाटा) तिथूनच बाहेर पडतात, आणि सर्व्हरचे जादा पैसे प्रामुख्याने त्याचेच मोजावे लागतात. त्या चॅनेलांना आणि लेनांना तुमच्याकडे काम नसेल तर त्या पैशांचा मोबदला मिळत नाही.

टीडीपीच्या, म्हणजे कंपनीने लिहिलेल्या उष्णतेच्या आकड्याच्या, ओळीवर भोळेपणाने विश्वास ठेवू नका. ७९५०एक्सवर १७० वॅट लिहिलं असलं तरी सॉकेटमधून तो २३० वॅटपर्यंत खेचू शकतो. इंटेलच्या कोअर आय९-१४९००केवर मूळ आकडा १२५ वॅट आहे आणि टर्बोची मर्यादा २५३. सर्व्हर प्रोसेसर मात्र आपल्या लिहिलेल्या आकड्याजवळच राहतात.

पायरी ३: कोअर आणि क्लॉकचं गणित कागदावर करा

ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. जीन अॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला नियम साधा आहे: कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. आंब्याच्या पेट्या भरायला सोळा माणसं असोत की बत्तीस, वजनकाटा एकच असेल तर रांग काट्यापाशीच लागते.

सूत्र असं: वेगवाढ = १ ÷ (न वाटता येणारा भाग + वाटता येणारा भाग ÷ कोअर). त्याला क्लॉकने, म्हणजे कोअरच्या वेगाने, गुणायचं. सगळे कोअर कामाला लागल्यावर डेस्कटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणि सर्व्हर ३.५ गिगाहर्ट्झवर चालतो, असं गृहीत धरू.

समजा कामाचा १० टक्के भाग वाटता येत नाही. १६ कोअरवर वेगवाढ ६.४ पट, ३२ कोअरवर ७.८ पट. क्लॉकने गुणल्यावर डेस्कटॉपचे गुण ३२, सर्व्हरचे सुमारे २७. निम्म्या कोअरचा डेस्कटॉप जिंकला.

आता न वाटता येणारा भाग २ टक्केच धरा. १६ कोअरवर १२.३ पट, ३२ कोअरवर १९.७५ पट. गुणाकार करा: डेस्कटॉप साधारण ६१.५, सर्व्हर ६९. आता सर्व्हर पुढे गेला.

या जोडीचा काटा बरोबर ४ टक्क्यांवर फिरतो. कामाचा ४ टक्क्यांहून जास्त भाग एकाच थ्रेडवर चालत असेल तर डेस्कटॉप, कमी असेल तर सर्व्हर. स्वतःचा आकडा काढायला बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) किंवा टास्क मॅनेजरच्या अॅफिनिटीमधून आधी १ कोअर, मग ४, मग ८ देऊन तेच काम चालवा आणि वेळ नोंदवा. अॅफिनिटीत एकेका कोअरचे दोन थ्रेड दिसतात, तेव्हा जोडीने निवडा. ८ कोअरवर काम एका कोअरच्या ७ पट वेगाने झालं, तर न वाटता येणारा भाग साधारण २ टक्के निघतो. ५ पटच झालं, तर तो ८ टक्क्यांच्या पुढे आहे आणि सर्व्हरचा विषय इथेच संपवायला हरकत नाही.

हा हिशेब एका माणसाच्या एका मोठ्या कामाचा. वीस जण एकाच वेळी वेगवेगळी छोटी कामं करत असतील, किंवा एका मशीनवर दहा आभासी मशीन चालणार असतील, तर कामं मुळातच वाटलेली असतात. तिथे कोअरची संख्या सरळ उपयोगी पडते, आणि सर्व्हर प्रोसेसर घडवला आहे तो त्यासाठीच.

पायरी ४: रॅमकडे प्रोसेसरइतकंच लक्ष द्या

दोन चॅनेलची डीडीआर५-५२०० रॅम सेकंदाला जास्तीत जास्त ८३.२ जीबी माहिती पुरवते. बारा चॅनेलची डीडीआर५-४८०० पुरवते ४६०.८ जीबी. कोअरमागे पाहिलं तर डेस्कटॉपकडे ५.२ जीबी, सर्व्हरकडे १४.४. लाटांचं किंवा वाऱ्याचं संख्यात्मक मॉडेल चालवणाऱ्याला, प्रचंड कोष्टकं सतत रॅममध्ये फिरवणाऱ्याला हा फरक थेट तासांत दिसतो. घरच्या मशीनवर मोठं भाषा मॉडेल चालवणाऱ्यांनाही दिसतो. प्रत्येक शब्दखंडासाठी (टोकनसाठी) सगळं मॉडेल रॅममधून एकदा वाचावं लागतं, त्यामुळे ४० जीबीचं मॉडेल डेस्कटॉपच्या रॅमवर सेकंदाला दोनच्या आसपास शब्दखंड देईल आणि बारा चॅनेलवर कमाल अकरा-साडेअकरा. तिथे कोअरचा वेग जवळजवळ बिनमहत्त्वाचा ठरतो.

पण बारा चॅनेलचा फायदा बारा स्टिक बसवल्यावरच मिळतो. महागडा एपिक घेऊन त्यात दोनच स्टिक टाकलेली मशीन मी पाहिली आहेत. त्या मालकाने सर्व्हरची किंमत मोजून डेस्कटॉपची रॅम घेतलेली असते. बजेटमध्ये बारा स्टिक धरल्या नसतील, तर सर्व्हरचा भाव अजून काढलाच नाही असं समजा.

डेस्कटॉपचीही एक मेख आहे. बोर्डावर चार स्लॉट दिसतात म्हणून चारही भरले की रायझन ७०००चा अधिकृत वेग डीडीआर५-३६००पर्यंत उतरतो. मोठ्या क्षमतेच्या दोनच स्टिक घ्या, दोन स्लॉट रिकामे राहू द्या.

ईसीसीबद्दल गैरसमज फार. डीडीआर५च्या प्रत्येक चिपमध्ये स्वतःपुरती चूक सुधारणारी सोय असते, म्हणून काही दुकानदार 'सगळी डीडीआर५ ईसीसीच असते' असं सांगतात. ती सोय चिपच्या आतल्या आत आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिट उलटला तर ती काही करत नाही. खरी ईसीसी रॅम जादा बिट घेऊन येते, एक बिट चुकला तर सुधारते आणि दोन चुकले तर निदान कळवते. पतसंस्थेची खाती, दवाखान्यातले स्कॅन, वर्षानुवर्षांचा सर्व्हेचा डेटा जिथे राहणार आहे, तिथे ईसीसी घ्याच. त्यासाठी मोठा सर्व्हर लागत नाही. रायझन ७००० आणि ९००० ईसीसी यूडीआयएमएम (डेस्कटॉप घडणीची रॅम स्टिक) चालवू शकतात, फक्त मदरबोर्डाने ती सोय दिलेली हवी. इंटेलकडे १२व्या ते १४व्या पिढीसाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो.

खरेदी करताना एवढं लक्षात ठेवा: सर्व्हरची आरडीआयएमएम (सर्व्हर घडणीची रॅम स्टिक) डेस्कटॉप बोर्डात चालत नाही आणि डेस्कटॉपची यूडीआयएमएम कोष्टकातल्यासारख्या मोठ्या एपिकच्या बोर्डात चालत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून आधी रॅम घेऊन ठेवू नका.

पायरी ५: लेन मोजा

ही पायरी छोटी आहे. ग्राफिक्स कार्डाला १६ लेन, प्रत्येक एनव्हीएमई एसएसडीला ४, दहा गिगाबिटच्या नेटवर्क कार्डाला साधारण ४ ते ८. बेरीज २४च्या आत असेल तर डेस्कटॉप. दोन ग्राफिक्स कार्डं असतील तर डेस्कटॉपवर ती ८-८ लेनवर चालतात, आणि बहुतेक कामांना ते पुरतं. चार कार्डं किंवा दहा-बारा एनव्हीएमई लावायच्या असतील तर सर्व्हर प्लॅटफॉर्मशिवाय गत्यंतर नाही.

पायरी ६: आपली हवा, आपली लाईट

तज्ज्ञांच्या तुलना थंड, कोरड्या, अखंड विजेच्या खोलीत केलेल्या असतात. डेटा सेंटरसाठी अॅशरे ही संस्था १८ ते २७ अंश हवा सुचवते. मालवणात मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत पारा सहज ३३-३४वर जातो आणि हवेत मिठाचा ओलावा असतो. म्हणून कोकणात प्रोसेसर निवडताना त्याच्याभोवतीची खोलीही निवडावी लागते.

उष्णतेपासून सुरू करू. ७९५०एक्स ९५ अंशांपर्यंत तापूनही चालत राहील अशा बेताने बनवला आहे. पण तो सोडेल ती सगळी उष्णता त्याच खोलीत राहणार. अशा प्रोसेसरला बायोसमध्ये इको मोड लावा: १०५ वॅटच्या मोडमध्ये तो १४२ वॅटच्या पुढे जात नाही, ६५ वॅटच्या मोडमध्ये ८८च्या. सगळ्या कोअरच्या कामातही वेग थोडा उतरतो आणि वीज मात्र बरीच वाचते. इंटेलवर हेच काम पीएल१ आणि पीएल२ या दोन्ही वीजमर्यादा १२५ वॅटवर आणून होतं. किनाऱ्यावर माझा आग्रह असतो की मर्यादा लावूनच चाचणी घ्यावी, कारण मशीन रोज तसंच चालणार आहे.

सर्व्हरचं वेगळं. त्याचा हीटसिंक बहुधा बिनपंख्याचा असतो आणि पेटीतल्या छोट्या, प्रचंड वेगाच्या पंख्यांच्या झोतावर अवलंबून असतो. साध्या कॅबिनेटमध्ये तसाच बसवलात तर तो तापून वेग कमी करेल. रॅकची १यू (सर्वांत पातळ) पेटी घेतलीत तर तिच्या आवाजात शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही. वेगळी बंद खोली आणि एसी नसेल, तर टॉवर सर्व्हर किंवा त्या सॉकेटचा मोठा पंख्याचा कूलर शोधा आणि त्याची किंमत हिशेबात धरा.

वीज. सर्व्हर प्लॅटफॉर्म रिकामा बसला तरी डेस्कटॉपपेक्षा जास्त खातो: मोठा आय-ओ डाय, रॅमच्या बारा स्टिक, पंखे, बोर्डावरचा देखरेखीचा संगणक, सगळे चालूच असतात. चोवीस तास चालणाऱ्या मशीनमध्ये प्रत्येक जादा ५० वॅटमागे महिन्याला ३६ युनिट वाढतात. २०० वॅटचा फरक असेल तर १४४ युनिट. आपल्या बिलावरच्या शेवटच्या स्लॅबचा दर घेऊन तीन वर्षांचा गुणाकार करा. कित्येकदा स्वस्तातला जुना सर्व्हर तिथेच महाग ठरतो.

पावसाळ्यात लाईट जाणं आपण गृहीतच धरतो, पण यूपीएस निवडताना विसरतो. १००० व्हीए लिहिलेल्या छोट्या यूपीएसची खरी ताकद बहुधा ६०० वॅटच असते. फुल लोडला ५०० वॅट खेचणारं मशीन त्यावर मोजकी मिनिटंच टिकेल, आणि बॅटरी जुनी असेल तर तेवढीही नाहीत. घरातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस (मशीनमधला वीजपुरवठ्याचा डबा) चालवू नका. शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. लाईट गेली की मशीन आपोआप नीट बंद होईल अशी यूपीएसची यूएसबी जोडणी करून ठेवा. जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या घरात अर्थिंगचा खड्डा नीट उतरलेला नसतो, तो वायरमनकडून मोजून घ्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांना मशीन सर्व्हरचं की डेस्कटॉपचं याच्याशी देणंघेणं नसतं.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. ज्या कामाला तेव्हाही थांबून चालणार नव्हतं, त्या कामाचं मशीन फक्त किनाऱ्यावर ठेवू नका. प्रत पुण्या-मुंबईत किंवा क्लाउडवर असू द्या. खरेदी छोटी करून उरलेले पैसे त्या प्रतीवर घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि मशीन तळमजल्यावर नको.

खारी हवा सावकाश खाते. मोठ्या एपिकच्या एसपी५ सॉकेटमध्ये ६०९६ टोकं असतात, रायझनच्या एएम५मध्ये १७१८. सॉकेट उघडा ठेवून चहाला जाऊ नये. जोडणी बंद खोलीत, एसी ड्राय मोडवर लावून करा. मोठ्या सॉकेटचे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या क्रमाने, टॉर्क स्क्रूड्रायव्हरनेच आवळा. दाब असमान पडला की रॅमचा एखादा चॅनेल दिसेनासा होतो आणि माणूस स्टिक बदलत बसतो. समुद्राकडच्या खिडकीसमोर मशीन ठेवू नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. चालू मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं.

सर्व्हरच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट मात्र कोकणात शहरापेक्षा जास्त मोलाची आहे, ती म्हणजे बीएमसी. बोर्डावरच्या या वेगळ्या छोट्या संगणकाला स्वतःचं नेटवर्क पोर्ट असतं. मुख्य मशीन अडकलं तरी दुसऱ्या गावातून त्याचा बायोस स्क्रीन दिसतो, ते बंद-चालू करता येतं. देवगडच्या कार्यालयातलं मशीन बिघडलं, तंत्रज्ञ रत्नागिरीत आणि रस्त्यावर झाड पडलेलं, अशा दिवशी ही सोय पूर्ण फेरी वाचवते. फक्त बीएमसी उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नका. व्हीपीएनच्या आतच, आणि आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. एएसरॉक रॅक आणि सुपरमायक्रो यांचे काही एएम५ बोर्डही बीएमसीसह येतात.

पायरी ७: मधले पर्याय

मे २०२४मध्ये आलेली एपिक ४००४ मालिका पाहा. तिच्यातला ४५६४पी: १६ कोअर, ४.५ ते ५.७ गिगाहर्ट्झ, १७० वॅट, सॉकेट एएम५. वरच्या कोष्टकातल्या ७९५०एक्सशी आकडे ताडून पाहा. नावात एपिक असलं तरी दोन चॅनेल आणि मोजक्या लेन डेस्कटॉपच्याच. पण ईसीसी रॅम आणि बीएमसीच्या बोर्डाबरोबर तो छोट्या संस्थेला अगदी पुरेसा आहे, आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक कार्यालयांना मी हीच जोडणी सुचवतो. एएमडीचाच थ्रेडरिपर ७९६०एक्स डेस्कटॉप आणि सर्व्हर या दोन्हींच्या मध्ये बसतो: २४ कोअर, चार चॅनेल, आरडीआयएमएम सक्तीची आणि ३५० वॅट. त्याला खोलीत एसी हवाच.

पायरी ८: सेकंड हँड झिऑन

मुंबईहून येणारे जुने झिऑन स्वस्त असतात आणि त्यांचे कोअर डोळ्यांत भरतात. ई५-२६८० व्ही४ घ्या: २०१६चा, १४ कोअर, २८ थ्रेड, २.४ ते ३.३ गिगाहर्ट्झ, १२० वॅट, चार चॅनेल डीडीआर४-२४००. चार चॅनेल मिळूनही सेकंदाला ७६.८ जीबी, म्हणजे आजच्या दोन चॅनेलच्या डेस्कटॉपहून कमीच. बहुतेक सलग कामांत आजचा आठ कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर त्याच्या पुढे जातो. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

तरीही लिनक्सवर शिकण्यासाठी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरीच आभासी मशीन चालवण्यासाठी, स्वस्त आरडीआयएमएमची १२८ जीबी रॅम हवी असेल तर तो चांगला सौदा आहे. घेताना चिपच्या वरच्या धातूच्या झाकणावर 'कॉन्फिडेन्शियल' लिहिलेलं नाही ना, ते पाहा. तसं असेल तर तो इंजिनिअरिंग सॅम्पल, म्हणजे विक्रीसाठी नसलेला चाचणीचा नमुना. जुना एपिक घेत असाल तर तो आधी कुठल्या कंपनीच्या बोर्डात होता ते विचारा. काही सर्व्हर कंपन्यांच्या बोर्डावर एकदा चढलेली एपिक चिप त्याच कंपनीच्या बोर्डांशी कायमची बांधली जाते. बोर्डावर चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

डेस्कटॉपच्या सेकंड हँड बाजारातही सावध राहा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे झीज होण्याचा दोष २०२४मध्ये कंपनीने मान्य केला, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) सुधारला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. अशा चिपवर पूर्ण दिवस लोड चालवून पाहूनच घ्या, आणि बायोस सप्टेंबर २०२४ नंतरचा करून घ्या.

पायरी ९: सॉफ्टवेअरचा परवाना

विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरवर मोजला जातो आणि कमीत कमी १६ कोअरचा घ्यावाच लागतो. १६ कोअरच्या डेस्कटॉप-घडणीच्या मशीनला एक संच पुरतो. ३२ कोअरच्या एपिकला दुप्पट. डेटाबेसचा परवानाही कोअरवर असेल तर सॉफ्टवेअर हार्डवेअरहून महाग पडतं. अशा ठिकाणी कमी पण वेगवान कोअर हाच उघड निर्णय आहे. आभासी मशीन चालवणार असाल तर इंटेलचे पी (वेगवान) आणि ई (वीज वाचवणारे) असे मिश्र कोअर काही हायपरवायझरना (आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरना) मानवत नाहीत, ई-कोअर बंद करावे लागतात. मग २४ कोअरचे पैसे देऊन हातात ८ राहतात.

पायरी १०: स्वतःचं काम दोन्हीवर चालवून पाहा

सिनेबेंच, ब्लेंडर, सेव्हन-झिपची चाचणी यांनी अंदाज येतो; निर्णय स्वतःच्या फाइलवर घ्या. डीलरकडे, मित्राकडे, नाहीतर तासाच्या भाड्याने क्लाउडवर तशाच प्रोसेसरचं मशीन घेऊन तेच काम चालवा. निदान अर्धा तास सलग, कारण पहिल्या दोन मिनिटांचा वेग डेस्कटॉपवर टिकत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान आणि क्लॉक पाहत राहा. प्लगला लावायचा वॅटमीटर घेऊन एका कामाला किती युनिट लागले ते नोंदवा. ३०० वॅट खेचणाऱ्या मशीनने काम दोन तासांत संपवलं तर ०.६ युनिट; १८० वॅटच्या जुन्या मशीनने पाच तास घेतले तर ०.९ युनिट. कमी वॅटचं मशीन जास्त वीज खाऊ शकतं, हे मीटर लावल्याशिवाय लोकांना पटत नाही.

मशीन घरी आल्यावर पहिली रात्र मेमटेस्टला, म्हणजे रॅमच्या चाचणीला, द्या. ईसीसी घेतली असेल तर ती खरंच चालू आहे का ते तपासा: लिनक्सवर डीएमआयडीकोडमध्ये 'टोटल विड्थ' ही 'डेटा विड्थ'पेक्षा जास्त दिसली पाहिजे आणि ईडॅकची (रॅमच्या चुका नोंदवणाऱ्या यंत्रणेची) नोंद आली पाहिजे. बोर्डात बसली म्हणजे चालू झाली असं नसतं, बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असू शकते. बिलावर प्रोसेसर बॉक्सचा आहे की ट्रेचा (बिनखोक्याचा, सुटा) हे लिहून घ्या, कारण सर्व्हर प्रोसेसर बहुधा ट्रेमधून येतात आणि त्यांची वॉरंटी विकणाऱ्यामार्फतच चालते. तो विकणारा जवळपास नसेल, तर चिप बिघडल्यावर ती पाठवायचा आणि परत आणायचा खर्च कोणाचा, हेही त्याच बिलावर नोंदवून घ्या.